पावशीची धार कशी लावावी, आणि त्या धारेनं कसं चिरावं

विदर्भातल्या गावांतून विळीला पावशीच म्हणतात. भाजी चिरताना ती चिरण्याऐवजी चेंगरत असेल, टमाटरावर पातं घसरत असेल, तर दोष हाताचा नाही, धारेचा आहे. बोथट पावशीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेला हात निसटला की बोट कापतं. म्हणून धार आधी.

लोखंडी पावशी स्टीलच्या पावशीपेक्षा लवकर आणि चांगली पाजवली जाते. गावचे लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासूनही (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) पाती घडवतात. ते पोलाद चिवट असतं. आठवडी बाजारात घेताना पातं धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहा. खिळ्याजवळ डुगडुगत असेल तर घेऊ नका. पाट जड हवा, सागाचा किंवा बाभळीचा. हलका पाट चिरताना उचलला जातो.

धार लावायला हार्डवेअरच्या दुकानातला दोन अंगांचा कुरुंदाचा दगड पुरतो: एक अंग खरखरीत, दुसरं बारीक. दगड पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. पावशी आडवी पाडून ओल्या पोत्यावर ठेवा आणि पातं उंबरठ्याच्या काठावर टेकवा, म्हणजे ते हलणार नाही. पावशीचं पातं वाकडं असल्यामुळे इथे पातं दगडावर नाही, दगड पात्यावर फिरवायचा असतो.

आता खरी मेख. धारेला जो बारीक उतार असतो, त्याच उतारावर दगड टेकला पाहिजे. हे डोळ्याला समजत नाही, म्हणून उतारावर थोडं काजळ लावा आणि दगड दोनदा फिरवा. काजळ फक्त पाठीकडच्या भागातलं पुसलं गेलं तर दगड फार आडवा पडतोय. फक्त धारेच्या काठाशी पुसलं गेलं तर फार उभा धरलाय. सगळ्या उतारावरून सारखं निघालं की हात तसाच ठेवा. दगड बाजूंनी धरा, बोटं त्याच्या खालच्या काठाखाली येऊ देऊ नका. मुळापासून टोकापर्यंत लहान लहान गोल फिरवत जा, वर पाणी शिंपडत राहा.

एका अंगाचं काम झालं कसं ओळखायचं? दुसऱ्या अंगावरून, पाठीकडून धारेच्या दिशेनं, अंगठ्याचं पोट अलगद ओढा. धारेच्या काठावर मुळापासून टोकापर्यंत बारीक खरखर लागली पाहिजे. मध्येच कुठे गुळगुळीत लागलं तर तिथे अजून घासायचं आहे. बोट धारेच्या लांबीनं मात्र कधीच फिरवू नका. पावशी उलटवून दुसरं अंग तसंच करा, मग बारीक दगडानं दोन्ही अंगं हलक्या हातानं, आलटून पालटून, खरखर जाईपर्यंत. दगड नसेल तर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या बुडाशी जे बिनचकाकीचं खडबडीत कडं असतं, त्यावरही उतरलेली धार परत येते. टमाटरावर पातं नुसतं टेकवून ओढा. साल न दबता कापली गेली की झालं.

फिरत्या चाकावाल्याकडून धार लावून घेता? चाकावर पाणी टाकायला सांगा. कोरड्या चाकावर पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग ती धार चार दिवसही टिकत नाही.

चिरताना पाट पायानं घट्ट दाबून बसा. भाजी दोन्ही हातांत धरून आपल्यापासून पुढे पात्यावर ढकलायची, अंगठे मागे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुतल्यावर पूर्ण निथळू द्या. ओली जुडी सटकते आणि पानं काळी पडतात. काड्या एका दिशेला करून मूठ घट्ट वळा आणि दर कापानंतर मूठ बोटभर मागे सरकवा. कांदा बुडखा ठेवूनच चिरा, पाकळ्या सुटत नाहीत. धारदार पात्यानं कांदा कमी चेंगरतो, म्हणून डोळ्यांनाही कमी झोंबतो. वांग्याच्या फोडी चिरता चिरता मिठाच्या पाण्यात टाका; लोखंडी पात्यावर त्या लवकर काळ्या होतात.

कोहळं पावशीवर अख्खं घेऊ नका, गोल असल्यामुळे ते गरकन फिरतं. खाली पोतं अंथरून मोठ्या सुरीनं एका बाजूची चकती काढा, त्या सपाट बाजूवर बसवा, मग फोडा. लोणच्याच्या कैरीची कोय कडक झाली असेल तर ती पाटावर बसवलेल्या अडकित्त्यानेच फोडा. पावशीवर ठोकलंत तर धारेचा टवका उडतो, आणि तो भरून काढायला पातं बरंच झिजवावं लागतं.

कैरी, लिंबू, आंबाडी चिरल्यावर लोखंडी पातं लगेच धुऊन पुसा. आंबट तसंच राहिलं तर रात्रीतून गंज धरतो. ठेवणीत टाकताना पात्याला खायच्या तेलाचं बोट फिरवा. जवसाचं तेल पाटाला लावा, पात्याला नको: ते वाळून चिकट थर धरतं.

दारात कोणी आलं म्हणून उठताना पावशी आधी मिटवा. घरात रांगतं लेकरू असेल तर उंच खुंटीला, धार भिंतीकडे करून टांगा. बोट कापलंच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, धुतलेल्या फडक्यानं १० मिनिटं न उघडता दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद-तिखट भरू नका. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथे विचारा, पातं गंजलेलं असो वा चकचकीत.