झाईचे खड्डे: पापडी धरलेल्या जमिनीत ज्वारी उभी करण्याची रीत

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेला, वाहिगुया शहराच्या आसपासच्या यातेंगा भागात, जमीन अनेक ठिकाणी इतकी पापडी धरते की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वरच्यावर वाहून जाते. अशा जमिनीत ज्वारी-बाजरी पिकवण्यासाठी तिथले मोसी शेतकरी ‘झाई’ खणतात. लवकर उठून जमीन तयार करण्याच्या घाईशी या शब्दाचा संबंध जोडला जातो, आणि तो सार्थ आहे, कारण ही पद्धत कोरड्या हंगामातल्या कष्टावरच उभी आहे.

कापणी आटोपल्यावर नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत खणाईला वाव असतो. ऊन चढायच्या आत, आखूड दांड्याच्या कुदळीने, वीतभर ते दोन वीत रुंद आणि 10 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी रचावी, म्हणजे वरून आलेले पाणी खड्ड्यात अडते. एका ओळीतले खड्डे वरच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मधोमध यावेत. समोरासमोर आले तर मधल्या पट्ट्यातून पाण्याला सरळ वाट मिळते. दोन्हीकडे 80 सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी साडेपंधरा हजारांच्या आसपास खड्डे होतात, आणि नुसत्या खणाईलाच साधारण 300 तास लागतात असा हिशेब मांडला जातो. म्हणून पहिल्या वर्षी घराला झेपेल एवढाच तुकडा घ्यावा.

खणाईपेक्षाही खरी अडचण खताची असते. प्रत्येक खड्ड्यात दोन मुठी, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम, कुजलेले शेणखत घालायचे म्हटले, तरी वरच्या हिशेबाने हेक्टरी जवळजवळ पाच टन खत लागते. अंगणातल्या खड्ड्यात शेण, राख, केरकचरा आणि ताटांची धसकटे वर्षभर साठवून ते तयार होते आणि डोक्यावरून किंवा गाढवाच्या गाडीने शेतात पोहोचते. पेऊल गुराख्यांची जनावरे कापणीनंतर शेतात चरायला येतात, त्यांचेही खत मिळते. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात, त्याच्याशी जुळणारीच ही सोय आहे. खत पावसाच्या बरेच आधी घालावे. त्याच्या वासाने वाळवी येते आणि खड्ड्याच्या तळाशी बिळे पाडते. त्याच बिळांतून पुढे पाणी खोलवर उतरते. वाळवीला शत्रू समजणाऱ्या शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागतो, परंतु इथे तिची नांगरट फुकटात मिळते.

खड्डे मोठे करण्याची आणि त्यांत खत घालण्याची ही सुधारणा गुर्गा गावच्या याकूबा सावादोगो यांनी 1980 च्या दशकात रूढ केली. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला आणि 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

उतार असेल तर खड्ड्यांच्या जोडीला समपातळीवर दगडांच्या ओळी घालाव्यात. पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधली की पुरते. दोन्ही टोकांचे पाणी काठ्यांवरच्या सारख्याच खुणेवर आले, की त्या दोन जागा समपातळीत असतात. ओळीतून पाणी झिरपले पाहिजे, म्हणून फटी मातीने लिंपू नयेत.

जूनच्या सुमारास पहिला चांगला पाऊस होऊन खड्ड्यात वाफसा आला, की खतावर मातीचा पातळ थर देऊन ज्वारीचे आठ-दहा दाणे टोकावेत आणि रोपे सावरल्यावर तीन-चार ठेवून विरळणी करावी. खतातून आलेल्या बाभळीसारख्या झाडांची रोपे मात्र सरसकट उपटू नयेत. त्यांतली निवडक राखली तर पुढे सावली, चारा आणि सरपण मिळते. निव्वळ वाळूत खड्डे टिकत नाहीत आणि पाणी साचणाऱ्या सखल जागी मुळे कुजतात, म्हणून या दोन्ही ठिकाणी झाई टाळावी.

दुसऱ्या वर्षी तेच खड्डे साफ करून पुन्हा खत घालून वापरता येतात, किंवा जुन्या खड्ड्यांच्या मधल्या जागेत नवे खणता येतात. मनुष्यबळ असेल तर दुसरा मार्ग धरावा, कारण त्याने न खणलेली पापडीही हळूहळू फुटत जाते.