परेरा, डिसोजा, लोपीस: पोर्तुगीज आडनावाचा माग बडोद्यात बसून कसा काढायचा

बडोद्यातल्या ख्रिस्ती आडनावांची आधी ढोबळ वाटणी करून घ्या. मॅकवान, परमार, ख्रिस्ती ही चरोतरातली, म्हणजे खेडा-आणंदकडची. मॅकवान कानाला कितीही विलायती लागले तरी त्याचा पोर्तुगालशी काही संबंध नाही. परेरा, डिसोजा, फर्नांडिस, लोपीस, पिंटो असे काही दिसले, तर घर बहुधा गोवा, वसई, दमण किंवा मंगळूरकडून नोकरीधंद्यासाठी इकडे आलेले असते. शोध त्या गावापासून सुरू करायचा, लिस्बनपासून नाही. बरेच जण उलटे करतात. नेटवर आडनाव टाकतात, ढालीचे रंगीत कुलचिन्ह सापडते, ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतात. ते चिन्ह पोर्तुगालमधल्या एखाद्या विशिष्ट घराण्याचे असते, त्या आडनावाच्या प्रत्येकाचे नव्हे. ते विकणारा हे सांगत नाही, एवढेच.

इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळेच ठेवावे लागतात. आडनावाचा शब्द कुठला, हा पहिला. त्याचे उत्तर पोर्तुगालमध्ये मिळते. घर कुठले, हा दुसरा, आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर. सोळाव्या-सतराव्या शतकात बाप्तिस्मा झाला की नवे नाव-आडनाव मिळे, आणि ते पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे असे. एका गावात एकाच वेळी बाप्तिस्मा झालेल्यांना एकच आडनाव मिळाले, असेही झाले; सख्ख्या भावांना दोन आडनावे लागली, असेही. म्हणून दोन परेरा कुटुंबे एकमेकांची भाऊबंद असतीलच असे नाही, आणि आडनाव पोर्तुगीज आहे म्हणून रक्त पोर्तुगीज, हे तर अजिबात नाही.

शब्दापासून सुरुवात करू, कारण ते सोपे आहे. कागदावर आडनावाची सगळी रूपे लिहून काढा: घरात बोलतात ते, शाळेच्या दाखल्यावरचे, पासपोर्टावरचे रोमन, गुजराती कागदांवरचे. पोर्तुगालमध्ये 1911 साली शुद्धलेखन बदलले. सोझामधला झेड जाऊन एस आला, मेनेझिसचेही तसेच. गोव्यात आणि ब्राझीलमध्ये जुना झेड बराचसा टिकला. त्यामुळे झेडवाले आणि एसवाले निराळे घराणे, असा निष्कर्ष काढू नका. गोन्साल्विसमधल्या सी अक्षराखाली मूळ पोर्तुगीजात एक शेपटी असते. इंग्रजी टाइपरायटरला ती जमली नाही, म्हणून कुठे नुसता सी राहिला, कुठे त्याचा एस झाला. वसईत तेच नाव मराठीत घोन्साल्विस लिहितात. शेवटचा झेड मात्र जपून वाचा. रॉड्रिग्ज, फर्नांडिस, लोपीस, गोम्स यांच्या शेवटी पोर्तुगीजात एस, स्पॅनिशमध्ये झेड. आपल्याकडच्या कागदावर झेड दिसला तर स्पॅनिश पूर्वजापेक्षा कारकुनाच्या हाताचा संशय आधी घ्या.

मग शेवट पाहा. ‘एस’ने संपणारी बरीच आडनावे बापाच्या नावावरून झाली आहेत: फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, आल्वारिस आल्वारोचा, नूनिस नूनोचा. लोपीस हा लोपोचा, आणि लोपोच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे. वाझ हे वास्कोवरून आलेले आखूड रूप. नावाआधी ‘द’, ‘दा’ किंवा ‘दोस’ असेल (आपल्याकडे त्याचाच चिकटून ‘डि’ झाला) तर पुढे बहुधा ठिकाण येते. डिसोजामागे सोझा नदी आहे, उत्तर पोर्तुगालमधली, दौरो नदीला मिळणारी. आल्मेडा हे स्पेनच्या सीमेजवळचे गाव, त्याचे नाव मूळ अरबी. आपल्या नावातला ‘कर’ जे काम करतो तेच हा ‘द’ करतो, फक्त मागे लागण्याऐवजी पुढे लागतो. क्रूझ, रोझारियो, सांतोस ही भक्तीतली नावे. रुमाव हे वसईकडे नेहमी भेटणारे आडनाव पोर्तुगीज रोमांवचे, म्हणजे ‘रोमन’चे रूप.

परेरा झाडांच्या गटातले. ‘पेरा’ म्हणजे नासपती, ‘परेरा’ म्हणजे नासपतीचे झाड. ऑलिव्हेरा ऑलिव्हचे, नोगेरा अक्रोडाचे, कार्व्हालो ओकचे. पण पूर्वज नासपतीचे बागाईतदार होते असे समजू नका. पोर्तुगालमध्ये परेरा नावाची गावे आहेत, वाड्या आहेत, आणि आडनाव त्या जागेवरून पडले. झाडाचे आडनाव म्हणजे धर्मांतरित ज्यू, हे विधान तर सगळीकडे छातीठोकपणे केलेले आढळते. 1497 मध्ये पोर्तुगालमधल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले, तेव्हा त्यांनी आजूबाजूला प्रचलित असलेलीच आडनावे घेतली. परेरा त्यांतले एक, म्हणून सेफार्डी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंमध्येही ते सापडते. पण 1385 च्या आल्जुबारोताच्या लढाईचा सेनापती नूनो आल्वारिस परेरा त्याच्या शंभर वर्षे आधीचा, आणि जुन्या ख्रिस्ती सरदार घराण्यातला. नुसत्या आडनावावरून यात काहीच सिद्ध होत नाही.

आता घराचा माग. जिवंत माणसापासून मागे जायचे, एका वेळी एकच पिढी. पहिला कागद बाप्तिस्म्याचा. चर्चकडे छापील छोटा दाखला मागू नका. ‘समासातल्या नोंदींसह पूर्ण उतारा’ मागा. 1908 पासून लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ पुस्तकात, समासात करावी, असा चर्चचा नियम आहे. त्या दोन ओळींत लग्न कुठल्या चर्चमध्ये आणि कधी झाले ते असते, आणि पुढचा पत्ता आयता मिळतो. छोट्या दाखल्यावर ती नोंद नेहमी उतरत नाही. अर्जात बाप्तिस्म्याचे नाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि अंदाजे साल (पुढे-मागे तीन वर्षे धरून) द्या. घरात ‘बाबुश’ म्हणत असतील, पण पुस्तकात सबॅस्टियन असेल.

बडोदा धर्मप्रांत 1966 चा. त्याआधी हा भाग मुंबईच्या आर्चडायोसिसखाली, म्हणजे महाधर्मप्रांताखाली होता. जुना पत्रव्यवहार हवा असेल तर विचारणा तिकडेच करावी लागते. घर वसईकडचे किंवा मुंबईजवळच्या साष्टीकडचे असेल तर आणखी एक गुंता आहे. तिथे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची चर्चे आणि रोमच्या थेट ताब्यातली चर्चे अशी दुहेरी व्यवस्था होती. 1886 ते 1928 या काळात पहिल्या गटातली चर्चे दमणच्या धर्मप्रांतात मोडत. एकाच गावातल्या दोन घरांच्या नोंदी दोन चर्चांत सापडू शकतात. एकीकडे नाव नाही मिळाले म्हणून थांबू नका.

घर गोव्याचे असेल तर 1914 नंतरचे जन्म-लग्न-मृत्यू सरकारी नागरी नोंदणीत, तालुक्याच्या कार्यालयात. त्याआधीचे चर्चच्या पुस्तकांत; जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारायची. घरचे लोक गावचे गावकार, म्हणजे मूळ हक्कदार असतील तर कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची पुस्तके सोडू नका. तिथे झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळणाऱ्यांची नोंद वांगडानुसार असते, आणि वांगड म्हणजे वंश. आडनाव एक पण वांगड दोन, तर घरे वेगळी. वांगड एक आणि आडनावे दोन, तर मूळ एक असण्याची शक्यता मोठी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत बोलका कागद हाच, आणि त्याच्याकडे फार थोडे लोक वळतात.

पोर्तुगीज येत नसले तरी नोंद वाचता येते, कारण साचा ठरलेला असतो. ‘फिल्यु लेजीतिमु द’ म्हणजे औरस मुलगा, आणि पुढे आईबाप. ‘नातुराल द’ नंतर गाव. ‘पाद्रिन्यु’ आणि ‘माद्रिन्या’ हे धर्मपिता-धर्ममाता. ‘अवोश पातेर्नुश’ म्हणजे वडिलांकडचे आजी-आजोबा. आडनावे आखडून लिहिलेली असतात. ‘रॉइझ’ असे वाचता आले तर ते नवे आडनाव नव्हे, रॉड्रिग्ज आहे. परेराचे पी-ई-आर आणि वर बारीक ए, एवढेच उरते. पोर्तुगीज पद्धतीत आईचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी, तर गुजरातच्या शाळेत आडनाव सर्वांत पुढे. मारिया सिल्वा परेरा ही बडोद्याच्या दाखल्यावर परेरा मारिया झाली, किंवा कारकुनाने सिल्वालाच वडिलांचे नाव समजून टाकले. या एका चुकीने पिढीची कडी तुटते. अनुक्रमणिका चाळतानाही लक्ष ठेवा: पोर्तुगीज यादीत दा सिल्वा एसखाली, भारतीय यादीत डिसिल्वा डीखाली.

राहिला प्रसार. बडोद्याच्या फतेगंज भागात किती परेरा, हे मोजायचे असेल तर मतदार यादी घ्या, पण ती गुजरातीत असते आणि पीडीएफ बहुधा चित्ररूपात, म्हणजे शोधखिडकीत नाव टाकून काही हाती लागत नाही. पाने डोळ्यांनीच चाळायची. परेरा, परेराह, पेरेरा, परैरा सगळी रूपे एकाच खात्यात टाका आणि माणसे नव्हे, घर क्रमांक मोजा. नाहीतर सहा मतदारांचे एक घर सहा कुटुंबांसारखे दिसते. लग्न होऊन आलेल्या सुना आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली यांनीही आकडा हलतो. जागतिक आकडे देणाऱ्या साइट्सवरचे भारताचे आकडे अंदाज समजा. तिथे एकेका स्पेलिंगचे वेगळे पान असते आणि ती बेरीज आपणच करायची असते. मोठे चित्र मात्र पक्के आहे. पोर्तुगाल आणि ब्राझील दोन्हीकडे पहिला नंबर सिल्वाचा. श्रीलंकेत परेराचे ‘पेरेरा’ झाले आणि ते तिथल्या अगदी नेहमीच्या आडनावांपैकी एक आहे. ते लावणाऱ्यांत बौद्ध सिंहलीही भरपूर, त्यामुळे आकड्यावरून ख्रिस्ती लोकसंख्येचा अंदाज बांधायला गेलात तर गणित चुकेल.