बासुंदी नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

बासुंदीत जिन्नस मोजकेच, त्यामुळे चूक लपवायला जागा नसते. पहिली चूक दूध आणतानाच होते. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के असतो. ते कितीही आटवा, चव पांचटच राहते. म्हशीचं दूध किंवा 6 टक्क्यांचं फुल क्रीम घ्या, आणि तेही त्याच दिवशीचं. शिळं दूध साध्या उकळीला टिकतं, पण आटवताना पाणी उडून जातं आणि आंबटपणा दाटत जातो. मग निम्म्यात आल्यावर ते फाटतं. फाटलेलं पुन्हा एकजीव होत नाही. चव आंबट नसेल तर साखर घालून तसंच आटवत न्या, कलाकंदासारखं काहीतरी नक्की होईल.

खरा घात होतो तो दूध तळाला लागल्याने. 2 लिटर दुधाला जाड बुडाची पसरट कढई हवी. आधी तिच्यात घोटभर पाणी फिरवा, मग दूध ओता. एक उकळी आली की आच मंद करा. ढवळायला गोल डाव नको, सरळ कडेचा कालथा घ्या; तळ त्यानेच नीट फिरतो. सुरुवातीला अधूनमधून ढवळलं तरी चालतं. दूध निम्म्याकडे येऊ लागलं की मात्र कढईपासून हलायचं नाही, कारण जितकं दाट तितकं ते लवकर लागतं. नेमका तेव्हाच फोन वाजतो!

कालथ्याला खाली खरखर जाणवली किंवा तांबूस कण वर आले, तर गॅस लगेच बंद करा. तळ अजिबात खरवडू नका. वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि चाखून बघा. नुसता हलका वास असेल तर वेलची-जायफळ तो सावरून घेतं. करपट चव उतरली असेल तर उपाय नाही, ती बासुंदी पाहुण्यांना वाढू नये.

कडेला धरलेली साय ओली असतानाच दुधात लोटा. वाळली की तिचे चिवट तुकडे दाताखाली येतात.

साखर शेवटी घाला, एवढ्या दुधाला 100 ते 125 ग्रॅम. ती विरघळली की बासुंदी पातळ दिसते. इथे घाबरून कॉर्नफ्लॉवर घालू नका, सगळी चव त्या पिठात जाते. आणखी पाच-सात मिनिटं आटवा, बस. नरसोबाच्या वाडीची बासुंदी खाल्लेले लोक तसा दाटपणा कढईतच शोधतात आणि आटवतच राहतात. पण गरम बासुंदी ओघळती असतानाच उतरवायची, गार झाल्यावर ती आपोआप दाटते. फारच घट्ट झाली तर तापवलेलं दूध मिसळा, पाणी कधीच नाही.

जायफळ आयत्या वेळी किसून, चिमूटभरच. जास्त झालं की कडवटपणा येतो. चारोळी घालण्याआधी दोन दाणे चावून पाहा, ती फार लवकर खवट होते.

सीताफळाची बासुंदी करणार असाल तर गर बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम दुधात तो घातला तर दूध फाटू शकतं, आणि नंतर पुन्हा तापवला तर गराला कडवटपणा येतो. ही बासुंदी थंडच वाढायची.