आईबाबांना ‘आमच्या स्टडीत भाग घ्या’ असं कुणी म्हटलं तर काय काय बघायचं

आईला ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर कुणीतरी एक कागद दिला. सत्तरीच्या पुढच्या लोकांचं चालणं, तोल आणि मन यावर संशोधन चाललंय, येता का म्हणून. आई घरी येऊन चहा ठेवता ठेवता सांगते, मी हो म्हणून आले. मी लगेच, "अगं तुला काय प्रयोगाचा उंदीर करायचंय का?" त्यावर ती म्हणाली, "त्यांनी मला विचारलंय, तुला नाही." झालं, विषय संपला. मग पुढचे पंधरा दिवस मी जे शोधत, विचारत बसले ते इथे लिहून ठेवतेय, कारण असे कागद आणि फोन आता बऱ्याच घरांत यायला लागलेत.

आधी हे का गरजेचं आहे ते थोडक्यात, कारण माझाही विरोध तिथेच होता. औषधांच्या ट्रायलमध्ये म्हातारी माणसं कमी घेतात, वयाची वरची मर्यादा असते, चार आजार असले की नाव कट, आणि मग तेच औषध खाणारे मात्र सगळ्यात जास्त हेच लोक. उदाहरण म्हणजे अॅस्पिरिन. कितीतरी वर्षं धडधाकट म्हाताऱ्यांना ‘सेफ साइड’ म्हणून रोज छोटी गोळी द्यायचे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ जणांवर, बहुतेक सत्तरीपुढचे, अॅस्प्री नावाची ट्रायल झाली, अर्ध्यांना १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१८ साली निकाल आला की अपंगत्वाशिवाय जास्त वर्षं जगायला त्याचा काही उपयोग नाही, उलट मोठे रक्तस्राव वाढले. (ज्यांना अॅटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांचं वेगळं, त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नका, प्लीज.) त्या हजारो आजी-आजोबांनी हो म्हटलं नसतं तर आपण अजून खातच बसलो असतो.

पहिलं काम: नुसतं मोजणार आहेत की काही देणार आहेत?

फोनवरच विचारा. स्टडी दोन जातीच्या असतात. एकात फक्त प्रश्न विचारतात, वजन, बीपी, हाताची पकड, आठवण वगैरे तपासतात आणि काही वर्षांनी परत येतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची ‘लासी’ अशीच आहे, २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत देशभरातले पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण घेतले होते. यात धोका जवळपास नाहीच, वेळ मात्र भरपूर जातो. दुसऱ्या जातीत काहीतरी देतात, औषध, व्यायाम, समुपदेशन, कानाचं मशीन, काहीही. तिथे पुढचं सगळं नीट बघायचं.

दुसरं: नंबर मागा

भारतात औषधाची क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर नोंदवावीच लागते, १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. नंबर सीटीआरआय, वर्ष, महिना, आकडे असा असतो, साइट फुकट आहे, नंबर टाकला की सगळं उघडतं, कोण पैसे देतंय, कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, कुणाला घेणार, कुणाला नाही, एथिक्स कमिटीची (म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघून संशोधनाला परवानगी देणारी समिती) मंजुरी आली का. मंजुरीच्या रकान्यात तुमच्या गावच्या हॉस्पिटलचं नाव दिसतंय का ते बघा. नुसत्या सर्व्हेला नंबर नसेलही, तेव्हा एथिक्स कमिटीचं पत्र दाखवा म्हणायचं.

आणि कुणी स्टडीच्या नावाखाली रजिस्ट्रेशन फी मागितली, प्रोटीनचा डबा गळ्यात मारायला लागला, ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. खऱ्या संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत.

तिसरं: संमतीपत्र, आणि इथे अजिबात घाई नको

आम्हाला पहिल्या दिवशी चौदा पानी इंग्रजी फॉर्म हातात दिला आणि "सेम आहे हो काकू, इथे सही करा" म्हणाले. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, मला समजेल असा द्या. नियमच आहे तसा, समजणाऱ्या भाषेतच द्यावा लागतो, आणि मराठी फॉर्म त्यांच्याच कपाटात होता!

घरी आणून तिने दोन संध्याकाळी वाचला, हातात पेन्सिल. एका ठिकाणी अडली, "यादृच्छिक पद्धतीने म्हणजे काय गं?" मी समजावायला घेतलं तर तीच म्हणाली, म्हणजे चिठ्ठ्या टाकणार. अगदी तेच, कुणाला व्यायामाचा गट आणि कुणाला दुसरा ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवतो, डॉक्टरची ओळख असली तरी बदलत नाही. हे आधीच पचवून घ्यायचं, कारण नको तो गट आला की लोक रुसून सोडून देतात.

फॉर्ममध्ये एवढं शोधा: किती वेळा यायचं आणि किती महिने, रक्त किती वेळा काढणार, जाण्यायेण्याचा खर्च देणार का, माहिती आणि रक्ताचे नमुने पुढे कुणाला देणार, मधेच सोडलं तर नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार का (उत्तर ‘नाही’ असंच लिहिलेलं हवं), आणि ट्रायलमुळे काही इजा झाली तर काय. २०१९ च्या नियमांप्रमाणे क्लिनिकल ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात आणि इजा ट्रायलमुळे झाली असेल तर नुकसानभरपाई. सही केल्यावर एक कॉपी आपल्याकडे राहते, ती मागून घ्या, विसरतात द्यायला.

सही कुणाची, तर त्यांची. मुलाची नाही. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार बसतो. विस्मरण खूप वाढलेलं असेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो, पण तरीही आजोबा हात मागे घेत असतील तर तो नकारच समजायचा.

चौथं: गोळ्यांची पिशवी

यादी लिहू नका, आपण यादीत चुकतो, सरळ सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. काढे, चूर्ण, होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या, शेजारणीने दिलेलं गुडघ्याचं तेल, सगळं. आणि नेहमीच्या डॉक्टरांना एकदा विचाराच, त्यांना आपल्या माणसाची किडनी माहीत असते, स्टडीवाल्यांना पहिल्या दिवशी नसते.

पाचवं: तपासणीचा दिवस

चष्मा आणि कानाचं मशीन विसरू नका, सेल बदलून न्या. ऐकू न आल्यामुळे तीन शब्द चुकले तर कागदावर आठवण कमी अशी नोंद होते. सकाळी उपाशी बोलावलं असेल आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि डबा सोबत ठेवा.

साधारण काय करायला लावतात: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, तपासणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. अमेरिकेतले डॉक्टर १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. रोजचीच चप्पल घालून करायचं असतं, म्हणून लग्नातले नवे सँडल नकोत. पकड मोजायचं यंत्र दाबायचं, घड्याळाचं चित्र काढायचं. आदल्या दिवशी घरी प्रॅक्टिस नको. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी आठवडाभर खुर्चीतून उठाबशा काढल्या, आकडा फर्स्ट क्लास आला, पण मोजलं काय गेलं? प्रॅक्टिस!

मग मनाचे प्रश्न. वयस्कर लोकांसाठी नैराश्याची एक प्रश्नावली आहे, ३० प्रश्नांची, छोटी १५ ची, सगळी उत्तरं हो किंवा नाही. तिच्यात झोप, भूक, अंगदुखी मुद्दाम ठेवलेली नाहीत, कारण या वयात ती बिघडायला शरीराची शंभर कारणं असतात. विचारतात ते आयुष्य रिकामं वाटतं का, घराबाहेर जावंसं वाटतं का, असलं. मी आईच्या शेजारी बसलेले. पहिल्याच प्रश्नाला तिने माझ्याकडे पाहिलं आणि "नाही नाही, मुलं छान बघतात" म्हणाली. तिथल्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली, ताई तुम्ही जरा बाहेर थांबता का. वीस मिनिटं मी पॅसेजमधल्या बाकावर. आत काय बोलली ते मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा तुम्ही आपणहूनच उठा, सांगायची वेळ आणू नका.

उत्तरांतून काही काळजीचं निघालं तर पुढे कुणाकडे पाठवणार हे आधीच विचारून ठेवा. एरवीही मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

सहावं: नंतर

रिपोर्टच्या कॉप्या मागा, फाइलला लावा. सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, पण औषध चालू असेल तर एकदम बंद न करता त्यांना विचारून सोडा. चक्कर आली, पडलात, अॅडमिट झालात तर लगेच कळवायचं, संबंध नाही असं वाटलं तरी.

आईची चिठ्ठी व्यायामात नाही आली, आरोग्याच्या व्याख्यानांच्या गटात आली. दोन दिवस तोंड वाकडं होतं. आता दर मंगळवारी जाते, रिक्षाचे पैसे व्हाउचरवर सही करून मोजून घेते, आणि व्यायामाच्या गटातल्या बायका काय काय करतात ते विचारायचं नाही असं सांगितलंय म्हणून, म्हणते, बसस्टॉपवर आम्ही फक्त हवापाण्याचं बोलतो.