आयसीयूतल्या आई-वडिलांना भेटायला मुलांना कसं न्यावं

माझा भाऊ नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता, तेव्हा सात वर्षांच्या भाचीला आम्ही सांगून टाकलं, पप्पा कामासाठी पुण्याला गेलेत. चौथ्या रात्री ती मला म्हणाली, "आत्या, मी त्यांचा मोबाईल पाडला म्हणून ते घरी येत नाहीत ना?" दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं नव्याने सुरू केलं.

१. परवानगी. बऱ्याच आयसीयूत लहान मुलांना सोडत नाहीत. दारावरच्या वॉचमनशी हुज्जत घालून उपयोग नाही, आम्ही घालून बघितली. डॉक्टर राउंडला आले की त्यांना विचारा किंवा इन्चार्ज सिस्टरना. ड्रेसिंग, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) चालू नसेल अशी वेळ त्याच सांगतील. मुलाला सर्दी, ताप, जुलाब असतील किंवा वर्गात कांजिण्यांची साथ असेल, तर भेट पुढे ढकला.

२. खरं सांगा, थोडक्यात. "पप्पांच्या फुप्फुसांना न्यूमोनिया झालाय. तुझ्यामुळे नाही झाला." एवढं वाक्य दोन-तीनदा म्हणावं लागतं. "बरे होतील ना?" याला "हो गं" म्हणायचा मोह होतो. "डॉक्टर प्रयत्न करताहेत, मला कळलं की तुला सांगेन," असं म्हणा. "झोपलेत" म्हणू नका. काही मुलं मग स्वतःच झोपायला घाबरतात. औषधाने गुंगी दिलीय, हे त्यांना समजतं.

३. आत काय दिसेल ते आधीच दाखवा. यासाठी वेळ काढा. सिस्टरना विचारून फक्त आपल्या पेशंटचा फोटो काढा, शेजारचा बेड त्यात येऊ देऊ नका. मग एकेक गोष्ट सांगा: तोंडातल्या नळीतून मशीन श्वास देतं, म्हणून बोलता येत नाही. बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन मोजतो. चेहरा सुजलेला असू शकतो. मशीन टुंटुं वाजतं, कधी नुसता चिमटा सरकला तरी. हात मऊ पट्टीने बांधलेले असतील तर ते आवर्जून सांगा, कारण मुलं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात: "गुंगीत नळी ओढू नये म्हणून बांधलेत, शिक्षा नाही." आम्ही बाहुलीच्या तोंडात स्ट्रॉ घालून गालावर चिकटपट्टी लावली. भाचीने लगेच विचारलं, "मग जेवतात कसे?" मग जेवणाच्या नळीसाठी आणखी एक स्ट्रॉ नाकाला लागली.

४. जायचंय का, हे मुलालाच विचारा. नको म्हणालं तर विषय तिथेच थांबवा. चित्र किंवा फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज पाठवता येतो. दारापर्यंत येऊन मागे फिरलं तरी चालेल. आणि "एकदा डोळे भरून बघून घे" म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्या दिवशी घरीच ठेवा.

५. भेट. मुलासोबत असा एक माणूस हवा, जो ते म्हणेल त्या क्षणी बाहेर निघेल. आई बहुधा बेडपाशीच थांबते, म्हणून आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं. हात साबणाने धुवा, कुठे हात लावायचा ते सिस्टरना विचारा. पाच मिनिटं पुरे. गुंगीतही कदाचित ऐकू येत असेल, म्हणून बोलायला काहीतरी ठरवून न्या. भाचीने बाराचा पाढा म्हटला. बारा सातेला अडली, पप्पांकडे बघितलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

६. नंतर. लगेच घर गाठू नका, खाली चहाच्या टपरीवर बसा. शाळेत बाईंना कल्पना द्या. रात्री अंथरूण ओलं होणं, सारखं बिलगणं काही दिवस चालतं. ओसरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

प्रश्न मात्र उशिरा आणि कुठेही येतात. आमची रिक्षा द्वारका चौकात अडकली होती, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "आत्या, बेडखालच्या पिशवीत शू होती ना?" रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, हो.