वाफ्यात मांजर उकरून घाण करत असेल तर: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत घरामागे चार बाय सहा फुटांचा वाफा आहे. कोथिंबीर टाकली की दुसऱ्या सकाळी मधोमध खड्डा, त्यात मांजराची घाण आणि पेरलेले धणे उघड्यावर पडलेले. तीन पेरण्या वाया गेल्या, अगदी रडकुंडीला आले होते.

मांजर येऊ नये म्हणून टाकलेल्या संत्र्याच्या साली दोन दिवसांत वाळल्या, वास गेला. निळ्या पाण्याच्या बाटलीला तर मांजर टेकून बसलेलं! तिखट टाकू नका. पंजा चाटताना मुक्या जिवाच्या तोंडात, डोळ्यांत जातं.

त्याला हवी असते भुसभुशीत, कोरडी माती. म्हणून आधी हातमोजे घालून घाण आणि खालची दोन इंच माती काढली. (त्यातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा संसर्ग होऊ शकतो, गरोदर बाईने हे काम करू नये.) मग धणे रगडून पेरले, पाणी शिंपडलं आणि लगेच एक इंची भोकांची कोंबडीजाळी मातीवर आडवी अंथरली. जाड तारेचे वीतभर तुकडे इंग्रजी यूसारखे वाकवून कडेने दर फुटावर ठोकले. पहिल्यांदा जाळी सैल राहिली, तर पंजा खाली गेलाच. ती मातीला घट्ट टेकली पाहिजे. वर उसाच्या पाचटाचा पातळ थर, रोज ओला. रोपं भोकांतून वर येतात, कोथिंबीर कात्रीने कापते.

शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात कोरड्या वाळूची पाटी ठेवली. आता मांजर तिकडे जातं, पाटी मी रोज साफ करते.