‘जरा इको टाका की!’ पोवाड्याच्या आवाजाला रिव्हर्ब कसा लावायचा

कोल्हापुरात माइकसमोर बसलेला प्रत्येक जण एकदा तरी म्हणतोच, "आवाजाला जरा इको टाका की." त्याला इको नको असतो, रिव्हर्ब हवा असतो. डोंगरासमोर हाक मारल्यावर तीच हाक सुटी परत येते तो इको. भिंती, छत, फरशी असं सगळीकडून आपटून आलेले असंख्य आवाज एकमेकांत मिसळून शेपटी तयार होते तो रिव्हर्ब. पन्हाळ्याला गेलात तर अंबरखान्यात एक टाळी वाजवून बघा, दगडी भिंती ती शेपटी किती वेळ सोडत नाहीत ते ऐका.

मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, ६० दिवस फुकट चालतं. आवाज कोरडा रेकॉर्ड करा, पंखा बंद, मागं भिंतीला वाकळ (गोधडी) टांगा. खोली आधीच घुमत असेल तर पुढचं वाचू नका, आधी वाकळ टांगा, कारण घुमलेल्या आवाजावर रिव्हर्ब म्हणजे चिखलात पाणी.

आता रिव्हर्ब गाण्याच्या ट्रॅकवर थेट लावायचा नाही. नवीन ट्रॅक घ्या, नाव द्या ‘रिव्हर्ब’, गाण्याच्या ट्रॅकचं राउट बटण ओढून त्याच्यावर सोडा, झाला सेंड, म्हणजे आवाजाची एक प्रत तिकडं जाते. त्या ट्रॅकवर रीआव्हर्बेट (रीपरमधलाच रिव्हर्ब) लावा, वेट (घुमलेला आवाज) शून्य डीबी (डेसिबल), ड्राय (मूळ कोरडा आवाज) पूर्ण खाली. ऑडॅसिटी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे ट्रॅकची डुप्लिकेट काढून तिला ‘वेट ओन्ली’वर टिक करून रिव्हर्ब द्या, काम तेच. रूम साइझ सुरुवातीला मध्यावर ठेवा.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी गोची पुढं आहे आणि मी तिथं दोन वर्षं घालवली.

शिवजयंतीसाठी एका मंडळाचा पोवाडा केला होता. हेडफोनवर काय भारी वाटत होता म्हणून सांगू, शाहीर जणू किल्ल्यावरच उभा! तीच फाइल चौकात मोठ्या बॉक्सवर लागली आणि शब्द एक कळेना, फक्त झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ तेवढं ओळखू आलं. मी घरी येऊन रिव्हर्ब कमी केला, तर आवाज एकदम सपाट, वाढवला की परत काला. वर-खाली, वर-खाली, महिनाभर हेच. नेटवर सल्ला काय, तर ‘हॉल प्रीसेट लावा, वेट ३० टक्के ठेवा’. अहो कसले ३० टक्के? गाणं कुठलं, लय कुठली, कुठं वाजणार, काही न विचारता ३० टक्के सांगणारा माणूस डोळे झाकून मीठ घालणारा आचारी आहे.

चूक प्रमाणात नव्हतीच, रिव्हर्बमध्ये काय चाललंय त्यात होती. आवाजातला जाड, घशातला भाग रिव्हर्बमध्ये गेला की तो घुमत राहतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. वरून चौकातल्या इमारती स्वतःचा रिव्हर्ब फुकट देतातच, माझा अधिक त्यांचा, मग शब्द कुठून कळणार. म्हणून रिव्हर्बच्या आधी, त्याच ट्रॅकवर, रीईक्यू (रीपरचा इक्वलायझर) लावा. ५०० ते ६०० हर्ट्झच्या खालचं हाय-पासनं कापा, ७-८ हजार हर्ट्झच्या वरचं लो-पासनं. कापताना फक्त रिव्हर्बचा ट्रॅक सोलो करून ऐकलात तर तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागेल, घाबरू नका, मूळ आवाजासोबतच ऐका. आणि ‘स’, ‘श’, ‘च’ फुसफुसत असतील तर डी-एसर (ही फुसफुस दाबणारा इफेक्ट) रिव्हर्बच्या आधी, नंतर नाही. नंतर लावून मी बघितलंय, फुस्स आधीच शेपटीभर पसरलेली असते.

दुसरा अर्धा भाग म्हणजे प्री-डिले, रीआव्हर्बेटमध्ये ‘इनिशियल डिले’ नावानं आहे. शब्द निघाल्यावर शेपटी किती वेळानं सुरू व्हावी ते हे ठरवतं. शून्य ठेवलात तर पहिल्याच व्यंजनाला रिव्हर्ब चिकटतो आणि गाणारा लांब उभा वाटतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंद म्हटलं की भिंतीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर. लयीवरून काढायचा असेल तर ६०,००० ला बीपीएमनं (मिनिटाला किती ठोके) भागा, मग १६ नं. १०० बीपीएमला ६००, त्याचा सोळावा हिस्सा ३७.५ मिलिसेकंद. मी शाहिराला ४० च्या आसपास ठेवतो. शेपटी मात्र पुढची ओळ सुरू व्हायच्या आत संपली पाहिजे, पोवाड्यात शब्द धडाधड येतात, तिथं रूम साइझ निर्दयपणे कमी करा. अभंगाला लांब चालते.

झीलकऱ्यांना याच ट्रॅकवर सेंड जास्त द्या, ते आपोआप मागं जाऊन उभे राहतात. हलगीला जवळजवळ नकोच, तिचा कडकडाट कोरडाच मारतो.

प्रमाण ठरवताना रिव्हर्बच्या ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण खाली घेऊन हळूहळू वर न्या, ‘हां, आला’ वाटलं की २ डीबी खाली. रात्री अकरानंतर ठरवू नका, कान थकले की रिव्हर्ब कमीच वाटतो आणि आपण ओतत बसतो. सकाळी ऐका, एकदा मोनो (डावा-उजवा एकत्र) करून मोबाइलच्या स्पीकरवर पण ऐका. फाइल चौकात किंवा कार्यालयात वाजणार असेल तर आणखी थोडं खाली.

मग रेंडर, म्हणजे तयार फाइल काढा. प्रोजेक्ट मात्र डिलीट करू नका, कारण दुसऱ्या दिवशी मंडळातनं फोन येतोच, "सगळं झकास, फक्त इको जरा वाढवा." फेडर दीड डीबी वर करायचा आणि पाठवून द्यायचं.